बट्टा कुणी सोसायचा

मुलुंडला मुलगी बघायला जाताना नलिनीबाईंनी हर्षदला रिक्षातच बजावलं, "ऑफिसबद्दल अवाक्षर काढायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, बरं चाललंय."

हर्षद छत्तिशीला आला होता. याआधीच्या दोन घरांत त्याने पोहे गार होईपर्यंत व्याजदर समजावले होते, आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नव्हता. हे स्थळ मात्र नलिनीबाईंना मनापासून हवं होतं. फोटोत ऋतिका दात दाखवून हसत होती. त्यांच्या वेळी असा फोटो घरच्यांनी बाहेर जाऊच दिला नसता, आणि म्हणूनच तो त्यांना आवडला होता.

मुलीचे वडील भाऊराव तावडे मूळचे कणकवलीकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भाऊरावांनी पुठ्ठ्याची खोकी बनवायचा लहानसा कारखाना टाकला. त्याचे हिशेब आता ऋतिकाच बघायची.

"मुलगा करतो काय नक्की?" भाऊरावांनी विचारलं.

"कंपनीत खजिनदार आहे," नलिनीबाईंनी घाईने सांगून टाकलं. ट्रेझरर म्हटलं की लोक नुसती मान हलवतात, असा त्यांचा अनुभव होता.

"खजिनदार," भाऊराव म्हणाले. "आमच्या गणपती मंडळात एक होता. बाप्पाबरोबर तोही गेला. बाप्पा दरवर्षी येतो, त्याचा पत्ता नाही."

"तसा नव्हे हो. अंधेरीला साबणाची मोठी कंपनी आहे, बदक छाप."

भाऊरावांनी बशी टीपॉयवर ठेवली. "बदक छापला खोकी मीच देतो." मग हर्षदकडे वळून ते एकदम मालवणीत शिरले. "म्हणजे माजे पैशे तीन तीन महिने अडकवन ठेवणारो तो तूच?"

नलिनीबाईंनी मुलाच्या पायावर पाय दिला. पण हर्षदचा चेहरा उजळला होता. त्याच्या कामाबद्दल आपणहून कुणी विचारल्याला युगं लोटली होती.

"काका, त्यावर पर्याय आहेत," तो पुढे सरसावून म्हणाला. "एक, तुमचं बिल आम्ही मंजूर केलं की बँक तुम्हाला लगेच पैसे देते, आणि आम्ही ते मुदतीला बँकेला देतो. बँक थोडा बट्टा कापते. दोन, कंपनीच लवकर पैसे देते, तुम्ही बिलात सूट द्यायची. तीन, बिल ऑनलाइन बाजारात ठेवायचं, तिथे बँका बोली लावतात. कमी बट्टा मागेल तिला बिल द्यायचं."

"बट्टा, बट्टा काय लावलंय," नलिनीबाई पुटपुटल्या. लग्नाच्या बोलण्यात हा शब्द घराण्याच्या नावापुढेच यायचा, तोही दबक्या आवाजात.

भाऊराव बोटं मोजत होते. "म्हणजे पैसे माझे. उशीर तुझा. आणि तिन्ही पर्यायांत कापायचं माझंच."

"चौथा पर्याय राहिला," दारातून ऋतिका म्हणाली. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला. "वेळेवर द्यायचे. लहान कारखान्यांसाठी कायद्यात पंचेचाळीस दिवस आहेत. मी तुमच्या कंपनीला किती मेल केले. उत्तर येतं, 'आपला मेल आमच्यासाठी मोलाचा आहे.'"

"ते आपोआप जातं."

"वाटलंच. इतकं गोड माणूस लिहीत नाही."

नलिनीबाईंना आपलं पार्ल्यातलं बघणं आठवलं. खिडकीतून बिस्किटांच्या कारखान्याचा वास येत होता, आणि सासरच्यांनी त्यांना सुईत दोरा ओवायला लावला होता. नवऱ्या मुलाला कुणी काहीच विचारलं नव्हतं. हर्षदचा जन्म त्या काळात व्हायला हवा होता.

हर्षदने कपाळ पुसलं. "पंचेचाळीस दिवसांचा मुद्दा मी प्रस्तावात घातलाय. आणि तोवर बँकेचा बट्टा कंपनीने सोसावा, असंही लिहिलंय."

"मग अडलंय कुठे?"

"मोठ्या साहेबांसमोर मांडायचाय. ते एकदा चष्म्यावरून बघतात, की मी म्हणतो, पुढच्या वेळी."

ऋतिका त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. "मी साहेब आहे. मांडा."

हर्षदने मांडायला सुरुवात केली. 'वर्किंग कॅपिटल' आलं तेव्हा तिने जांभई दिली. 'व्हेंडर वेलफेअर' आलं तेव्हा तिने त्याला थांबवलं. "भीक मागताय का? सरळ विचारा, तावड्यांनी खोकी बंद केली तर साबण पिशवीत घालून विकणार का?"

भाऊराव खो खो हसले. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, पत्रिका कुठे आहे, यांतलं काहीच कुणी विचारलं नाही. निघताना नलिनीबाई हळूच म्हणाल्या, "मग आम्ही काय समजायचं?"

"काकू, मला माणूस आवडला," ऋतिका म्हणाली. "पण साहेबांपुढे गप्प बसणारा उद्या सगळीकडेच गप्प बसेल. सोमवारी बोलले तर पुढचं बोलू."

सोमवारी नलिनीबाईंनी दोनदा आमटी करपवली. संध्याकाळी फोन वाजला तो हर्षदचा नव्हता.

"नलिनीताई, भाऊराव बोलतंय," पलीकडून आवाज आला. "तुमच्या झिलान, हर्षदान, आताच ऋतिकाक फोन केल्यान. बोललो तो साहेबाकडे. साहेब म्हणालो, विचार करूया."

"म्हणजे झालं नाही?"

"पैशे काय, येतीत तेव्हा येतीत. पण चष्म्यावरसून बघल्यान तरी पोरगो थांबलो नाय. ऋतिका सांगता, रविवारी सगळे जेवूक येवा."

नलिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग सावरून म्हणाल्या, "येतो की. पण उगीच पापलेट वगैरेच्या खर्चात पडू नका हं."

"छे ओ, बांगडेच करतलंव. पापलेट होया तर तुमच्या झिलाच्या कंपनीन आधी बिल सोडूक होया."