बुजलेल्या शिरा

मी एक जुनं लिंबाचं झाड आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात, नरेंद्रकाका आणि वसुधाकाकूंच्या मागच्या अंगणात तीस वर्षं उभा आहे. मित्रांनो, उद्या सकाळी मला तोडणार आहेत, म्हणून आजच सांगतो.

काका निवृत्त डॉक्टर. माझी लिंबं ते निम्म्या गल्लीला वाटत. काकू लोणचं घालत.

आम्हा झाडांना पळता येत नाही. पण आम्ही अगदीच लेचेपेचे नसतो. पानावर बुरशी बसली, की मी तिच्याभोवतीच्या माझ्याच पेशी मारून टाकत असे. बुरशी उपाशी मरायची. पानावर एक तपकिरी ठिपका तेवढा उरायचा.

तीन वर्षांपूर्वी काकूंची भाची रेणू दुसऱ्या गावाहून आली, ती कढीपत्त्याचं रोप घेऊनच.

“मावशी, मैत्रिणीच्या बॅकयार्डमधलं आहे. एकदम फ्रेश!”

काकू हरखल्या. कुंडी माझ्या शेजारीच ठेवली. त्या रोपावर तिळाएवढे किडे होते. एक माझ्या कोवळ्या पानावर बसला, त्याने सोंड खुपसली आणि पोटातले जंतू थेट माझ्या अन्न वाहणाऱ्या शिरेत सोडले.

जंतू पुढे सरकू नयेत म्हणून मी शिरा बुजवत गेलो. जंतू अडले नाहीत, अन्न मात्र अडलं. पानं पिवळी पडली, मुळं उपाशी राहिली. मीच माझा जीव घेत होतो आणि थांबणं माझ्या हातात नव्हतं.

लिंबं वाकडी, कडू येऊ लागली. काकांनी खत घातलं, पाणी वाढवलं. गेल्या आठवड्यात शेतीखात्याच्या तपासणीवाल्या बाई माझ्या पानांचा रिपोर्ट घेऊन आल्या.

“काही ट्रीटमेंट?” काकांनी विचारलं.

“सॉरी, डॉक्टर. काढावंच लागेल. शेजारचं संत्र्याचं झाडही तपासू.”

अशी वाक्यं काका जन्मभर पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले होते. ते नुसतेच माझ्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले.

आज दुपारी रेणू आली. “मावशी, माझ्यामुळे झालं गं.”

“तुला कुठे ठाऊक होतं? आणि मी तरी कुठे विचार केला?” काकू म्हणाल्या.

मित्रांनो, लिंबाच्या जातीचं रोप असो की कढीपत्त्याचं, कुणी कितीही प्रेमाने दिलं तरी या गावाहून त्या गावी नेऊ नका. तपासलेलं रोपच लावा. कोवळी पानं उलटून बघत जा, ते किडे नव्या पालवीवरच येतात.

कुंपणापलीकडच्या संत्र्याला कालपासून नवी पालवी फुटते आहे. ‘थांब’ असं मला त्याला सांगता येत नाही.