माणसांचा मका

मक्यात चुना घालून तो शिजवतात, हे ज्ञानेश्वरीनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही आपल्याच मागच्या अंगणातल्या चुलीवर.

पातेल्यात पिवळा मका रटरटत होता. भिंतीला नुकता चुना फासावा तसा वास सुटला होता. आणि चुलीपाशी पाट टाकून बसल्या होत्या साक्षात मालनबाई, तिच्या सासूबाई. गेली सहा वर्षं मोठ्या सुनेच्या चुलीशी त्या आल्या त्या फक्त मीठ जास्त झालंय हे सांगायला. आज मात्र तंबाखूची चंची सोडून त्यांनी चुन्याची डबी धाकटीपुढे धरली होती.

"एवढा पुरंल का गं मोनिका? का पुडी आणायला लावू टपरीवरनं?"

"अजून थोडा, आई."

"बघ की," मालनबाई ज्ञानेश्वरीकडे वळून म्हणाल्या, "आपण जन्मभर तंबाखूला लावला, ह्यांच्यात जेवणाला लावत्यात."

ज्ञानेश्वरी हसली. हसावंच लागलं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिनंही सासूला आई म्हणून हाक मारली होती. "आत्या म्हण, आमच्यात आत्या म्हणत्यात," असं पहिल्याच दिवशी ऐकून घेतलं होतं. मोनिकाला हे कुणी सांगितलं नाही.

मोनिका मेक्सिकोची. ज्ञानेश्वरीचा दीर रविराज गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतर्फे तिकडे गेला, काही वर्षं राहिला आणि येताना हिला घेऊन आला. नाव तिकडचंच, पण कोल्हार गावात आधीच दोन मोनिका होत्या, त्यामुळे कुणाचीही जीभ अडखळली नाही. वडील वारल्यावर रविराजनं नोकरी सोडून गावात मुरघासाचा धंदा टाकला. हिरवा मका कापायचा, कुटी करून पिशव्यांत दाबून भरायचा, गोठेवाल्यांना विकायचा. नवरा गायींसाठी मका भरत होता आणि बायको माणसांसाठी शिजवत होती. शेजारच्या रंगुबाईंना हे ऐकून राहवलं नाही.

"मालनबाई, सून बी मकाच खाती व्हय? मंग दूध किती देती?"

"तुझ्या सुनंपेक्षा जास्तच दील," मालनबाई म्हणाल्या.

अंगणातल्या सगळ्या हसल्या. ज्ञानेश्वरी मेथी निवडत होती. आपल्यासाठी अशी जीभ कधी चालली होती का, हे ती आठवून बघत राहिली. आठवलं नाही.

मोनिकाला सातवा महिना लागत होता. डोहाळजेवण ठरलं, आणि मालनबाईंनी घरात जाहीर करून टाकलं, "तिच्या माहेरचं कोण येनार हाय एवढ्या लांबनं? तिचे डोहाळे आपुनच पुरवायचे. तिच्या आईच्या हातचं जे आसंल ते ताटात पायजेल."

मोनिकाला हवी होती तिच्या आईच्या हातची तोर्तिया, म्हणजे मक्याची मऊ पोळी. ती खायची भाजलेल्या मिरच्या, तीळ आणि शेंगदाण्यांच्या दाट लाल कालवणाबरोबर. त्या कालवणात चॉकलेटचा खडा जातो हे कळल्यावर मालनबाई म्हणाल्या, "जाऊ दे. आपण आमटीला गूळ घालतोच की."

ज्ञानेश्वरीच्या हातातली मेथीची काडी मोडली.

तिच्या वेळी, समर्थ पोटात असताना, तिला हवी होती नागलीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची चटणी. चॉकलेट नव्हे, विमानानं आणायचं काही नव्हे. तिचं माहेर राजूरजवळच्या वाडीवर, इथून एका दिवसात जाऊन यावं एवढ्यावर. आई डोहाळजेवणाला आली ती फडक्यात बांधलेला डबा घेऊनच. मालनबाईंनी झाकण उघडून पाहिलं. "ही काळी भाकर? ओटीच्या दिवशी? आमच्यात न्हाई चालत, विहीणबाई." डबा फडताळावर गेला. ताटात पुरणपोळी आली. आईनं मुकाट्यानं पुरणपोळी खाल्ली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. ज्ञानेश्वरी शेण काढायच्या निमित्तानं गोठ्यात गेली, तर त्या भाकरी वासरापुढे टाकलेल्या. तिनं एक तुकडा उचलला, पदरानं झटकला आणि गव्हाणीला टेकून उभ्याउभ्या खाल्ला. वासरू तिच्याकडे बघत राहिलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच.

आणि आता, सातव्या महिन्यात मोनिकाला वाकवत नाही म्हणून, चुन्यातला मका चोळून साली काढायचं आणि पाट्यावर वाटायचं काम कुणाकडे आलं? मोठीकडे.

"आजीकडे असाच दगड होता," मोनिका पाट्यावरून हात फिरवत म्हणाली. "पण त्याला तीन पाय. तू छान करते, ताई."

"करते झालं," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि वरवंटा जरा जोरानं ओढला.

एवढं करून पोळी काही जमेना. थापताना कडा फुटायच्या, तव्यावर पडली की मधोमध चीर जायची. घरातल्यांनी तुकडे मोडून खाल्ले. "भारी हाय," म्हणत ज्ञानेश्वरीच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, तीन संपवल्या. घरी केलेल्या कुठल्याही पदार्थाला भारी म्हणायला त्याला सहा वर्षं सुचलं नव्हतं. कळस म्हणजे समर्थ. एका घासासाठी आईला अख्खं अंगण फिरायला लावणारं पोर, काकूच्या मांडीला टेकून तिच्या हातून तुकडे खात होतं. ज्ञानेश्वरीनं त्याचं तोंड पुसलं, जरा जास्तच घासून पुसलं. तो रडायला लागला आणि परत काकूकडेच गेला.

मोनिकानं आईला व्हिडिओ कॉल लावला. फुटलेली पोळी दाखवली, मूठभर मका दाखवला. पलीकडची बाई चष्मा लावून खूप जवळ आली, नुसते डोळेच दिसायला लागले. मग तिनं मान हलवली आणि काहीबाही बोलत राहिली.

"काय म्हनती गं विहीणबाई?" मालनबाईंनी विचारलं.

"म्हणते, हा मका जनावरांचा. माणसांचा मका पाहिजे. जुना, पांढरा. मध्ये मध्ये जांभळा दाणा. आजीच्या शेतात होता तसा."

मालनबाईंनी लगेच अजिनाथला पिटाळलं. तो श्रीरामपूरपर्यंत बियाण्यांची दुकानं पालथी घालून आला. सगळीकडे संकरित, सगळीकडे पिवळा. "असला मका आता कुणाकडं नसतो म्हणे," त्यानं सांगितलं, आणि मोनिकानं मान खाली घातली.

ज्ञानेश्वरी भांडी विसळत होती. तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं ते आईच्या घरातलं आढं. धुरानं काळवंडलेलं, आणि त्याला जुड्या करून टांगलेली कणसं. पांढरी, मध्ये मध्ये जांभळा दाणा. परसात दर पावसाळ्यात आई तो चार ओळी लावायची, बी धरून ठेवायची. तिनं नुसतं तोंड उघडायचं होतं.

तिनं पाण्याचा नळ मोठा केला.

कळू दे हिलाही, माहेरची चव न मिळणं म्हणजे काय असतं. असं तिनं मनात म्हटलं, आणि म्हटल्यावर आतून एक गार समाधान वाटलं. ते दोन दिवस टिकलं. मालनबाई जेवताना "पोरीचे डोहाळे राहिले तर माझ्या जिवाला लागंल" म्हणाल्या, तेव्हा ते आणखीच घट्ट झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी जावा ओसरीवर वाळवण उलथत होत्या. समर्थ आत झोपला होता. मोनिका कमरेला हात लावून खाली बसली आणि सहज म्हणाली,

"ताई, समर्थ पोटात, तेव्हा तुला काय खायचं वाटायचं?"

ज्ञानेश्वरीनं वर पाहिलं. आजवर हे नवऱ्यानं विचारलं नव्हतं, सासूनं विचारलं नव्हतं. विचारायला आली ती ही, सातासमुद्रापलीकडची, मोडक्या मराठीत. तिला मोनिकाचा त्या क्षणी इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"काही नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

मोनिकानं हाताशी आलेलं वाळवण उलथलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, विचारते. मला इथे सगळे विचारतात. तुला कोण विचारतं, मला दिसलं नाही."

ज्ञानेश्वरी उठून आत गेली. समर्थच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, जे नीटच होतं. मग फोन घेऊन माळवदावर गेली.

"आई, आढ्याचा मका आहे का गं अजून?"

"हाय की. का?"

तिनं सांगितलं. पलीकडे आई अगदी हळहळली. "त्या लांबच्या लेकराला पायजे, आन् तू आता सांगती व्हय? आगं, उद्याच धाडते. वाडीतल्या कानिफनाथचा टेम्पो तुमच्याच रस्त्यानं नगरला भाजी घेऊन जातो, देते त्याच्याकडं." आणि मग जरा थांबून, "तुला काय धाडू?"

ज्ञानेश्वरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नागलीचं पीठ धाड. आणि खुरासणी."

"तुझ्या घरी चालतं व्हय ते?"

"तू धाड."

डोहाळजेवणाच्या दिवशी मोनिका हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. बायका ओट्या भरत होत्या. मागच्या अंगणात ज्ञानेश्वरी एकटीच चुलीशी होती. पांढरा मका पाट्यावर असा लोण्यासारखा वाटला गेला होता की वरवंटा आपोआप सरकत होता. पोळी थापली, तव्यावर टाकली, आणि ती टम्म फुगली. एकही चीर नाही. तिला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला. मग तिनं परात पुसून घेतली आणि नागलीचं पीठ मळायला घेतलं.

ताट वाढलं तेव्हा एका बाजूला पांढऱ्या पोळ्यांची चळत होती, दुसऱ्या बाजूला काळ्या भाकरींची, मध्ये लाल कालवण आणि काळी चटणी. मोनिकानं पांढरी पोळी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"कुठं गावला गं हा मका?" मालनबाईंनी विचारलं.

"माझ्या माहेरी. आईच्या परसात असतो."

"मंग आधी न्हाई का बोललीस? पोरगं श्रीरामपूरपातूर हिंडलं की."

"मला कुणी विचारलंच नाही, आत्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. आवाज चढवला नाही. "सगळ्यांना विचारलं, मला नाही."

मालनबाईंची नजर दुसऱ्या चळतीवर गेली. त्यांना ती भाकरी ओळखू आली, हे ज्ञानेश्वरीला त्यांच्या हाताच्या थांबण्यावरून कळलं. रंगुबाई काही बोलायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मालनबाईंनी एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.

"हिच्यात चुना हाय का?"

"नाही."

"बरी लागती," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा मोडला.

एवढंच. सहा वर्षांनी एवढंच. ज्ञानेश्वरीला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. उलट मनात आलं, मोनिकाच्या ताटाच्या आडून यावं लागलं माझ्या भाकरीला. मोनिका तेवढ्यात दुसरी नागलीची भाकरी संपवत होती, बोटं चटणीनं काळी करून.

"ताई, हेच ना?" ती म्हणाली. "तुला हेच पाहिजे होतं."

"खा गुमान," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि तिच्या पानात तिसरी वाढली.

बायका पांगल्यावर मोनिकानं विचारलं, "ताई, मका अजून आहे? बाळ आल्यावर पण करू."

ज्ञानेश्वरीच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली, दोन जुड्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. टेम्पोतून उतरवतानाच तिनं त्या बाजूला काढल्या होत्या.

"संपला," ती म्हणाली. "आता पाहिजे तर राजूरला जावं लागेल. आई असा कुणाच्या हाती सारखा देत नाही. घरातल्यांना स्वतः यावं लागतं."

मोनिकानं मालनबाईंकडे पाहिलं. मालनबाईंनी चंची उघडली, तंबाखू चोळला, चुन्याची डबी शोधली. ती रिकामी होती.

"मंग जाऊ की," त्या म्हणाल्या. "विहीणबाईला बी लई दिसांत भेटले न्हाई."

समर्थ काकूच्या मांडीवरून उतरला आणि आईच्या पदराला हात पुसायला आला. ज्ञानेश्वरीनं त्याला उचलून घेतलं आणि उरलेल्या काळ्या भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं आधी काकूकडे पाहिलं, मग आ केला.