गिझरखालचं बूच

बाळारामने राळेत भिजवलेला कापूस होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत दाबला आणि पटाशीवर हातोडी घातली. ठक, ठक, ठक. कापूस आत गेला. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि स्वतःवरच खूश होऊन मान हलवली. सारसोळ्याच्या कोळीवाड्यात बाळारामने बुजवलेली फट पुन्हा गळली, असं कोणी म्हणून दाखवावं! निदान बाळारामचं तरी तसंच म्हणणं होतं.

शेजारी उलट्या टोपलीवर नामा बसला होता. नामा त्याच्या लहानपणचा सोबती. गेली सहा वर्षं तो मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात, तळघरातल्या यंत्रांवर कामाला होता. वरच्या साडेतीनशे खोल्यांना थंड हवा आणि गरम पाणी पुरवायची ती यंत्रं. वर्षाकाठी आठ दिवस तो गावी यायचा आणि आठही दिवस त्या तळघराबद्दल बोलायचा.

"थंडाव्याचं कायपन वाटत नाय," नामा म्हणाला. "बिघडला तर लोकं घामाघूम होतील, शिव्या देतील. गरम पान्याची भीती वाटते. आमच्या शेजारच्या लॉजात गेल्या सालाला गिझर फुटला. तोफ उडाल्यावानी! दोन भिंती गेल्या."

"असा कसा फुटंल?" बाळारामने हसत विचारलं. त्याला आता आपलीही गिझरची गोष्ट सांगायची होती.

"पानी तापलं का फुगतं. टाकी लोखंडाची, ती थोरीच फुगते? म्हनून खाली एक बारीक नळी ठेवलेली असते. फुगलेलं पानी तिच्यातून थेंब थेंब भायेर पडतं. त्या लॉजात कुना दिडशहान्याला वाटलं, गिझर गळतोय. त्यानं नळीत लाकडाचं बूच ठोकलं."

बाळारामची हातोडी हवेतच राहिली.

"लगीच फुटला?"

"नाय ना! चार महिने सुखात चालला. आत एक बटन असतं, पानी पुरेसं तापलं का वीज तोडतं. ते एक दिस अडकलं. मंग काय, पानी उकळतंय, वाफ कोंडतेय, आनि जायला वाट नाय."

"आत कोन व्हतं?"

"बाई व्हती एक. आंघोळीला गेलेली," नामा म्हणाला आणि विडी शोधायला खिसे चाचपू लागला.

बाळारामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हातोडी वाळूत टाकली आणि राळेचे हात कमरेच्या रुमालाला पुसत तो उठला. नामा मागून हाका मारत होता, पण त्याला काय सांगणार? सांगायला तोंड होतं कुठे?

गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. त्याची एकुलती एक लेक दमयंती वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायची. तेव्हा तिला नववा महिना लागला होता. बाळाराम मासळी घेऊन गेला, तेव्हा न्हाणीघरात गिझरच्या खालून टिपटिप पाणी पडत होतं आणि फरशी ओली झाली होती. पोटुशी पोर घसरून पडली तर? जावई नंदकुमार कंपनीत गेलेला. बाळारामने सागाचा तुकडा तासला, त्याला राळेतला कापूस गुंडाळला आणि होडीला ठोकतात तसं झकास बूच ठोकलं. टिपटिप बंद. त्या संध्याकाळी त्याने सारसोळ्यात भेटेल त्याला सांगितलं, की एवढे शिकलेले लोक त्या बिल्डिंगीत, पण गळती काढायला शेवटी कोळीच लागला.

तेव्हापासून दर रविवारी तो जायचा आणि पाय धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात डोकावायचा. फरशी कोरडी ठाक, मग वर बघायची गरजच काय! एकच गोष्ट त्याला खुपायची. गिझरचा लाल दिवा त्याच्यासाठी कधीच लागलेला नसायचा. सासरा पहाटे खाडीत उभा राहून आला, पण त्याच्या पायांवर गार पाणी! जावई चांगला असला तरी हाताचा जरा घट्ट आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

वाशीच्या घरी फोन नव्हता, आणि हायवेवर बस नव्हती. बाळाराम उन्हात उभा राहिला, मग चालू लागला, मग पळू लागला. आज शुक्रवार. दमयंतीला बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्याची बायको चार वर्षांपूर्वीच गेली होती आणि माहेरात करायला बाई नव्हती. म्हणून दमयंती वाशीलाच राहिली. शेकायला, माखायला बयाबाई यायची, रोज दहाच्या ठोक्याला. आणि बयाबाईला पाणी लागायचं ते कढत. त्यासाठी नऊपासून गिझर लावून ठेवावा लागतो, हे दमयंतीनेच त्याला कौतुकाने सांगितलं होतं.

शेवटी भाजीचा एक टेम्पो थांबला. बाळाराम मागे कोबीच्या पोत्यांवर चढून बसला. त्याला दर खड्ड्याला ठक ऐकू येत होतं, स्वतःच्या हातोडीचं ठक. किती नीट ठोकलं होतं ते बूच! थोडं कच्चं काम केलं असतं तर ते आपसूक निघून गेलं असतं. आयुष्यभर त्याने देवाकडे मागितलं होतं, की माझ्या हातची फट गळू नये. आता तो एकवीरा आईला उलटं मागत होता. आई, एवढं एक काम गळू दे. माझी पोर आहे तिथे, तिचं बाळ आहे.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. बाळारामला त्यात हसण्यासारखं काय असतं, ते कळेना.

वाशीला उतरल्यावर समोरच्या दुकानातल्या घड्याळात दहाला पाच कमी होते. तो पळत सुटला. त्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एका साच्यातल्या, एका रंगाच्या. एरवी तो पिठाच्या गिरणीवरून वळण ओळखायचा. आज गिरणी बंद होती, तिचा आवाज नव्हता, आणि तो घाबरून एक इमारत आधीच वळला. तीन जिने चढून त्याने दारावर मुठी आपटल्या. दार उघडलं ते एका चष्मेवाल्या गृहस्थाने.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

बाळाराम उत्तर न देता जिना उतरला. खाली आल्यावर तो क्षणभर थांबला आणि कान देऊन ऐकू लागला. कुठूनही स्फोटाचा आवाज आला नव्हता. अजून आला नव्हता, एवढंच.

पुढच्या इमारतीचे जिने तो कसा चढला, ते त्यालाही आठवलं नसतं. दार नुसतं लोटलेलं होतं. न्हाणीघराचं दार बंद होतं, फटीतून वाफ येत होती आणि आत बाळ टाहो फोडून रडत होतं.

"भायेर या! दमे, भायेर ये!"

त्याने मीटरजवळचा मोठा खटका खाली ओढला. पंखा थांबला. मग त्याने न्हाणीघराच्या दारावर खांदा घातला. कडी लावलेलीच नव्हती. तो भेलकांडत आत गेला.

"अगं बया!" पाय पसरून पाटावर बसलेली बयाबाई ओरडली. पायांवर बाळ पालथं. "पुरुषमान्साचं काय काम हितं? लाज हाय का नाय?"

दमयंती भिंतीपाशी टॉवेल घेऊन उभी होती. बापाला बघून तिचा चेहरा पडला. तिचा पाय हळूच पुढे आला, आणि गिझरखाली ठेवलेली निळी बादली तिने दारामागे सरकवली.

बादली सरकली, आणि थेंब फरशीवर पडला. टिप. मग दुसरा. बाळारामने वर पाहिलं. बारीक नळीचं तोंड उघडं होतं. बूच नव्हतं.

तो तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याला रडू आलं, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. बयाबाई पुटपुटत बाळाला टॉवेलात गुंडाळून बाहेर घेऊन गेली.

"आबा, काय झालं? तुमी आज कसे आले?" दमयंतीने विचारलं. "आज तर शुक्रवार."

"बूच कुनी काढलं?"

दमयंतीने पदराला हात पुसले.

"ह्यांनी. त्याच रातीला. कंपनीत बॉयलरवर असतात ना ते. घरी आले, वर बघितलं आनि पयलं बटन बंद केलं. मना बोलले, आबांना काय बोलू नको."

"का नको?"

"तुमी सगल्या गावाला सांगितलेलं, आबा."

बाळारामने गिझरकडे पाहिलं, मग त्या बादलीकडे. आठ रविवार त्याने मोजून पाहिले. आठही रविवारी कोरडी फरशी, विझलेला लाल दिवा आणि पायांवर गार पाणी. गिझर तापला नाही की थेंब पडत नाही, हे त्याला आज सकाळीच कळलं होतं. जावयाला ते आधीपासून ठाऊक होतं. हाताचा घट्ट म्हणे!

तो उठून बाहेर गेला आणि मोठा खटका वर केला. पंखा फिरू लागला, लाल दिवा लागला. परत येऊन त्याने दारामागची बादली ओढली आणि आपल्या हाताने नळीखाली ठेवली.

दमयंती त्याच्या राळेने आणि धुळीने माखलेल्या पायांकडे बघत होती.

"पाय धुवा, आबा," ती म्हणाली. "आज पानी गरम हाय."