मुळं फुटलेलं बुजगावणं

मी एक जुनं बुजगावणं आहे. अंगात माझ्या मालकाचा, केरूचा, सदरा असायचा, म्हणून मी स्वतःला पुरुष समजतो.

मित्रांनो, माझा जन्म भर पावसात, कोलाडजवळच्या एका वाडीत झाला. केरूची बायको मंगळी हिने कुंपणासाठी आणलेला पांगाऱ्याचा ओला दांडा माळावर रोवला, आडवी काठी बांधली आणि वर मडकं ठेवलं. मडक्याला भोक होतं, त्यामुळे डोक्यात विचार फार वेळ राहत नसे.

माळ उघडाबोडका होता. भाताची रोपं टाकण्याआधी पालाफांद्या जाळून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी लोकांनी वर्षानुवर्षं झाडांचा टहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून नेला. मग माती पावसाबरोबर खाली गेली. नाचणीसुद्धा येईना. म्हणून दिवाळी झाली की केरू आणि मंगळी वीटभट्टीवर जात. मंगळीला ते आता नको होतं. तिने ऐन, शिवण, आवळा, करंज ओळीने लावले, मधल्या पट्ट्यांत नाचणी आणि तूर पेरली, आणि राखणीला मला उभं केलं.

"येडी झालीस काय गो?" केरू म्हणाला. "मुरमात झाडं लावतेस?"

"मुरूम हाय, पण आपला हाय. भट्टीवरची माती शेठची."

भट्टीचा ट्रक आला, केरू गेला. मंगळी मागे राहिली. ओढ्यावरून हंडा आणून ती प्रत्येक रोपाला तांब्याभर पाणी घालायची. उरलेलं मला. बहुधा मी उपाशी दिसत असेन.

कामात मी अगदीच कच्चा. पाखरं माझ्या खांद्यावर बसून तूर खात. एका शेळीने माझी डावी बाही खाल्ली. पण मी जागा सोडली नाही. मग मला मुळं फुटली. बुजगावण्याला हे शोभत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. पुढे उजव्या बाहीतून फांदीच बाहेर आली, काट्यांसकट.

काही वर्षांनी ऐनाची झाडं पुरुषभर उंच झाली, तसा खालच्या गावचा मारुती कोयता घेऊन आला.

"मंगळे, राबाला टहाळ नेतो."

"नाय. पडलेला पाला ने पाटी भरून. झाडाला हात लावायचा नाय."

"पाल्यानं कुठं राब भाजतो काय गो?" म्हणत मारुती ऐनाकडे निघाला. माझ्या हाताखालून जाताना त्याची टोपी काट्यात अडकली. त्याने वळून पाहिलं. टोपी माझ्या हातात.

"अगो, ह्यानं माझी टोपी काढली!"

"काढील नाय तर काय," मंगळी म्हणाली. "राखणीला हाय तो."

मारुती कोयता टाकून पळाला. दुसऱ्या दिवशी माझ्या पायाशी नारळ ठेवून त्याने टोपी परत मागितली. मंगळीने टोपीबरोबर पाल्याची पाटीही दिली. खोबरं तिनेच खाल्लं. मारुतीचा राब त्या पाल्यावरच भाजला आणि भात नेहमीसारखाच आला. नंतर माळावर कोयता चढला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रकने भोंगा वाजवला. केरूने बोचकं उचललं, माळाकडे पाहिलं आणि बोचकं खाली ठेवलं.

"तूर काढायची हाय," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आवळं पण धरल्यात. येळ नाय."

आता माझं मडकं नाही, सदरा नाही. मी पुरता पांगारा झालो आहे. लाल फुलं आली की इतकी पाखरं जमतात, की जुन्या नोकरीचं नाव काढायला संकोच वाटतो.

मित्रांनो, रोप लावून लगेच घरी जाऊ नका. ते मोठं होईपर्यंत कोणीतरी तिथे उभं राहावं लागतं. कामात कच्चे असलात तरी चालेल. फक्त जुना सदरा घालून या, बाहीची खात्री देता येत नाही.