दाभणाचं भोक

"पान उलटून दाखवा, वहिनी," मुराद म्हणाला.

बयाबाईंनी काकडीचं पान उलटलं. खाली राखाडी बुरशी दाट बसली होती. पोलादपूरजवळचा हा अख्खा मांडव केवडा रोगाने पिवळा पडला होता.

"पंप काय बघतोस?" बांधावरून महिपती खेकसला. "हिनंच औषध मापताना घोळ केलान. तीनदा फवारलं, तीनदा वाया!"

बयाबाईंनी नवऱ्याकडे न बघता फवारणीचा पंप मुरादपुढे सरकवला. महाडच्या बाजारात पंप दुरुस्त करणाऱ्या मुरादला निरोपही त्यांनीच धाडला होता, कोणाला न विचारता.

मुरादने पंपात साधं पाणी भरलं आणि दांडा हलवला. नोझलमधून टपोरे थेंब उडाले, पानावर आपटले आणि घरंगळून मातीत गेले. त्याने पान उलटलं. खालची बाजू कोरडी ठाक.

त्याने नोझल काढून उजेडात धरलं. ओढ्याच्या गढूळ पाण्याने नोझल सारखं चोंदतं, म्हणून जूनमध्ये त्यानेच त्याचं भोक दाभणाने मोठं करून दिलं होतं. तीस वर्षं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हे फुकटात करून द्यायचा. मुरादच्या हातचं नोझल अडकत नाही, असं तुडीलपासून पोलादपूरपर्यंत लोक म्हणायचे आणि त्याची छाती फुगायची. तण मारायला ते भोक चालून जाई. पण ही बुरशी पानाखाली वाढते, आणि तिथे बारीक फवाराच पोचतो, हे त्याने कधी डोक्यातच घेतलं नव्हतं.

खिशात नवं नोझल होतं. गुपचूप बदलावं, वॉशर गेला होता म्हणावं आणि सुटावं, असं त्याला वाटलं. पण बयाबाई औषध मापायचं बूच हातात धरून उभ्या होत्या. आपलंच माप चुकलं असणार, असं आता त्यांनाही वाटू लागलं होतं. ते बघून त्याला स्वतःची लाज वाटली.

"महिपतीभाऊ, वहिनींचं माप बरोबर हाय. भोक मी मोठं केलं. माझ्यामुळं गेली तुमची काकडी."

महिपती मान फिरवून तंबाखू मळू लागला.

"माफ करा, वहिनी."

"मला सांगून काय उपेग, मुरादभाय? यांनी मला त्या खालच्या शेतातल्या बायांसमोर येडी ठरवली. आता कोण माझ्या हातात खताचं मापसुद्धा देत नाय. त्या बायांना जाऊन सांग."

दोन खाचरं खाली पाच-सहा बाया भातातलं तण काढत होत्या. त्यांतल्या तिघींच्या घरचे पंप मुरादनेच हाताळलेले. बोललं की आज संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार, हे त्याला कळत होतं. तो चपला काढून चिखलात उतरला.

"बरा आलास, मुरादभाय!" सोनाबाईंनी कंबर सरळ करत हाक मारली. "जाताना आमचा पण पंप बघून जा."

"सोनाबाय, आधी माझं ऐकून घे," मुराद म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याने बयाबाईंचं नाव घेतलं आणि चूक त्यांच्या मापाची नव्हे, आपल्या दाभणाची होती, हे सांगायला सुरुवात केली.