हात दिसू दे

"फडकं नको काका, हात दिसू दे," शुभंकर म्हणाला आणि त्याने मोबाइलचा स्टँड पुढे सरकवला.

उत्तरेश्वर फडकं सोडायला तयार नव्हता. तपासणीच्या पितळी वजनाला घामाचं बोट लागलं की त्याचा भरवसा गेला, हे बुधवार पेठेतल्या या काटेदुरुस्तीच्या दुकानात तो एकतीस वर्षं पाळत आला होता. शेवटी त्याने भंगारातलं पाच किलोचं लोखंडी वजन उचललं आणि हात लांब करून धरलं.

"अजून एकदा. मान जरा खाली."

"काटा तपासायचाय का मान?"

"एका मिनिटाचा व्हिडिओ आहे काका, सहन करा."

तिसऱ्या खेपेला वजनाच्या भाराने उत्तरेश्वरचा हात थरथरला. शुभंकर "परफेक्ट" म्हणाला. दुकानाचे मालक आणि शुभंकरचे वडील, गोपाळकृष्ण, कोपऱ्यात वाचत बसले होते. त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

चार दिवसांनी मार्केट यार्डातून तात्यारावांचा फोन आला. त्यांच्या कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावरचे काटे वर्षानुवर्षं इथेच दुरुस्तीला येत.

"भाच्याने तुमचा लिंक्डइनवरचा व्हिडिओ दाखवला, गोपाळराव. माणुसकी आहे, कबूल. पण आमच्या काट्यांना त्या उत्तरेश्वरचा हात लागता कामा नये. तुम्ही स्वतः करा. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

गोपाळकृष्णांनी शुभंकरला तो व्हिडिओ लावायला लावला. थरथरणारा हात, खाली घातलेली मान, मागे बासरी आणि शुभंकरचा आवाज: "यांचे हात थरथरतात. सगळे म्हणाले, काढून टाक. मी नाही काढलं. कारण बिझनेस म्हणजे माणसं." खाली टाळ्यांच्या खुणांची रांग. कुणा व्यवस्थापकाने लिहिलं होतं, लीडर असावा तर असा.

"काढून टाक हे," ते म्हणाले.

"बाबा, साडेतीन लाख व्ह्यूज आहेत. चाकणच्या दोन कंपन्यांनी विचारलंय."

"त्याचा हात थरथरत नाही."

"मग काय, तुमचा दाखवू?"

गोपाळकृष्णांचा उजवा हात टेबलाखाली गेला. दोन वर्षांपासून त्या हातात स्क्रू ड्रायव्हर ठरत नव्हता. कामं उत्तरेश्वर करी. काटा दुरुस्त केल्याच्या दाखल्यावर सही तेवढी ते करत, तीही दाराकडे पाठ करून. हे तिघांनाच ठाऊक होतं.

"दुकानाचं नाव तुमच्या हातावर आहे," शुभंकर आवाज उतरवून म्हणाला. "त्यांच्या हातावर नाही. त्यांचं काय बिघडतंय?"

संतापाने त्यांना शब्दच सुचेना. आयुष्यभर हेच झालं होतं. बोलायचं ते घरी गेल्यावर सुचायचं. पण या वेळी ते उठले.

"उत्तरेश्वर, पेटी घे. यार्डात जाऊ."

रिक्षात त्यांनी तीन वाक्यं मनात जुळवली, खोडली, पुन्हा जुळवली. उत्तरेश्वर बाहेर बघत होता. स्वारगेटच्या सिग्नलला तो म्हणाला, "गावाकडून, केजहून मेव्हण्याचा फोन आला होता, अण्णा. कुठला आजार झाला म्हणून विचारत होता."

गाळ्यावर तात्यारावांनी गोपाळकृष्णांना खुर्ची दिली, चहा मागवला. उत्तरेश्वर गोण्यांपाशी उभा राहिला.

"तुम्ही आलात, बरं झालं. याला आणायची काय गरज होती?"

रिक्षातल्या तीन वाक्यांपैकी एकही आठवेना. गोपाळकृष्णांनी उजवा हात पुढे केला, बोटं पसरली आणि तसाच धरला. चहा आणणारा माणूस थबकला. तात्याराव हाताकडे बघत राहिले.

"व्हिडिओत..." गोपाळकृष्ण म्हणाले. "तो खोटेपणा आहे. हात थरथरतो तो हा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

तात्यारावांनी फायलीतून गेल्या वर्षीचा दाखला काढला. "सही कुणाची?"

"माझी."

"आणि काम?"

गोपाळकृष्णांनी गोण्यांकडे पाहिलं. एकतीस वर्षं ते त्याला अरेतुरे करत आले होते.

"यांचं."

तात्यारावांनी दाखला फायलीत परत ठेवला. मग त्यांनी खिशातलं पेन काढून उत्तरेश्वरपुढे धरलं. "वर्षभरात एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. घ्या, यंदाच्या दाखल्यावर तुम्हीच करा सही. काटे हवे तेव्हा तपासा, घाई नाही."

उत्तरेश्वरने पेन घेतलं नाही. तो खाली बसला, पेटी उघडली आणि पहिला काटा पुढे ओढला.

"आधी काटा बघू द्या, शेठ," तो म्हणाला. "बघितल्याबिगर सही करत नसतो मी."

गोपाळकृष्णांनी पसरलेला हात हळूहळू मिटला. पण खिशात घातला नाही.