भांड्यांचं औषध

कारखाना बंद पडला आणि नवरा घरी भिंतीकडे बघत बसू लागला. दाढी वाढली, झोप उडाली. शेवटी बायकोनेच त्याला समुपदेशक बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "घरातली छोटी कामं करा. भांडी घासा, कपड्यांच्या घड्या घाला. हात गुंतले की मन निवतं."

बायको दिवसभर दातांच्या दवाखान्यात उभी असायची आणि घरी येऊन ओट्याशी उभी राहायची. तिचे हात लग्नापासून गुंतलेलेच होते.

नवरा भांडी घासू लागला. त्याला खरंच बरं वाटायला लागलं. घरात मात्र कौतुकाला ऊत आला. सासूबाई शेजारणीला सांगत, "माझा मुलगा कढई अशी लख्ख करतो की तोंड दिसावं!" नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, नशीब काढलंस."

एका संध्याकाळी बायको दमूनभागून आली, तर नवरा ओले हात झटकत म्हणाला, "अगं, यात केवढी शांतता आहे! कधी बोलली नाहीस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही दोन कढया घासल्या की उपचार, आणि मी इतकी वर्षं घासल्या ते काय होतं? अंगात ताप असताना घासल्या, माझी आई गेली त्या आठवड्यात घासल्या. तेव्हा कुणी विचारलं, मन निवलं का म्हणून?"

"अगं, तो आजारी आहे," सासूबाई मध्ये पडल्या.

"मग औषध पूर्ण घेऊ द्या ना त्यांना, आई! दोन कढयांचं नुसतं चाटण कशाला?"

दुसऱ्या दिवशी नवरा सगळ्यांच्या आधी उठला. केर, कचऱ्याचा डबा, डबे भरणं, सगळं केलं. न्हाणीघराच्या जाळीतले केस काढताना कुरकुरला, "यात काही शांतता वाटत नाही."

"नाहीच वाटत," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी तो इस्त्रीकडे वळला, तेव्हा तिने हात धरला. "ही राहू द्या. ही मला आवडते."

खोलीचं दार लोटून ती इस्त्री करू लागली. गरम कापडाचा वास, सरळ होत जाणारी बाही, आणि घाई कुणाचीच नाही. राग पुरता गेला नव्हता. पण खांदे सैल झाले. बाहेरून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, जरा—"

"आई," नवऱ्याचा आवाज आला, "काय हवंय ते मला सांग."